डेनिसचा मामा

ब्रिटिश इंग्रजी मला मराठीइतकंच कळतं, असं मी महाराष्ट्र मंडळाच्या ऑनलाइन बैठकीत ठणकावून सांगितलं, तेव्हा शेजारच्या खोलीतून माझी बायको मेधा हिने एक खोकला काढला. करोनाचे दिवस होते. स्क्रीनवरच्या सगळ्या चौकटींमधले चेहरे एकदम काळजीत पडले. मी म्हटलं, घाबरू नका, हा खोकला वेगळा आहे.

त्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये सगळं बंद होतं. दुकानं बंद, ऑफिस बंद, आणि घरी दिवसाला एकच पाहुणा बोलवायची परवानगी. आमच्या बेस्ट नावाच्या गावात तर एरवीही संध्याकाळनंतर रस्त्यावर फक्त बदकं दिसतात, आता बदकंही अंतर राखून चालत होती. माणसांना वेड लागू नये म्हणून मंडळाच्या सेक्रेटरी सुनेत्राताईंनी दर रविवारी दुपारी एक कार्यक्रम सुरू केला होता. एका सभासदाने एक सिनेमा बघायचा आणि बाकीच्यांना तो उलगडून सांगायचा. लोक आपले घरगुती, सोज्वळ सिनेमे निवडायचे. मी म्हटलं, मी ब्रिटिश गुंडांचा सिनेमा घेतो. व्याख्यानाचं नावही तिथल्या तिथे जाहीर केलं: 'मैत्री, निष्ठा आणि विश्वासघात.' सिनेमा अजून बघायचा होता, पण गुंडांच्या सिनेमात या तीन गोष्टी नसतील तर असणार काय?

बघायला सोबत म्हणून मी सौमित्रला बोलावलं. सौमित्र माझा जिवलग मित्र. दोन गल्ल्या पलीकडे राहतो, माझ्याच कंपनीत आहे, आणि दर बुधवारी मंडळासाठी डच भाषेचा वर्ग घेतो. अख्खं मंडळ त्याला सौमित्र सर म्हणतं. त्याचं डच इतकं अस्खलित, की बेकरीत तो काही बोलला की बेकरीवाली लगेच इंग्रजीत उत्तर द्यायची. त्याचा वेग तिला झेपत नसावा, असं आम्हाला वाटायचं.

सोफ्याच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो, मध्ये सरकारी अंतर आणि भज्यांची बशी. सिनेमा सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटाला मी टीव्हीचा आवाज वाढवला. पडद्यावरचा प्रत्येक माणूस तोंडात आमच्यासारखंच गरम भजं असल्यासारखा बोलत होता. खाली अक्षरं होती, पण आमच्या टीव्हीवर ती फक्त डचमध्ये. मला दहा वाक्यांत एक शब्द लागायचा आणि तो 'चहा' असायचा.

पण कबूल कसं करणार? मंडळात मी लंडनच्या दोन वर्षांच्या मुक्कामाचं एवढं कौतुक सांगून ठेवलेलं. मग मी सौमित्रला कथा समजावून सांगायला लागलो. हा टेरी, टोळीचा म्होरक्या. हा डेनिस, त्याचा बालमित्र, जिवाला जीव देणारा. डेनिस एका टपरीवर ज्याच्याशी चहा पीत हळू आवाजात बोलतोय ना, तो त्याचा मामा. मामा त्याला सांगतोय, टेरीला सोडून दे, हा मार्ग बरा नाही. डेनिस ऐकत नाही. आणि तो टोपीवाला, तो फितूर. त्याचे डोळेच सांगतायत.

सौमित्र खालची डच अक्षरं वाचत होता आणि मान डोलवत होता. एकदाही त्याने मला अडवलं नाही. शेवटी टेरीला बेड्या पडल्या, डेनिस रस्त्यात उभं राहून ढसाढसा रडला, आणि आम्ही दोघांनीही डोळे पुसले. सौमित्र म्हणाला, मैत्री असावी तर अशी. मला खात्री पटली, की मला अंदाजानेच सगळा सिनेमा बरोबर कळलाय.

रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. खाली पायजमाच होता, तो तेव्हा राष्ट्रीय पोशाख होता. व्याख्यान असं रंगलं म्हणता! डेनिसच्या निष्ठेवर मी बोलायला लागलो तसे लोक कॅमेऱ्यासमोर नाकं पुसायला लागले. मामाच्या प्रसंगाला तर सुनेत्राताईंनी चष्माच काढून ठेवला. मी म्हटलं, रक्ताचं नातं एका बाजूला आणि मैत्री दुसऱ्या बाजूला, आणि डेनिस मैत्री निवडतो.

टाळ्या झाल्या. मग एका चौकटीतून एक हात वर आला. ते होते बाळासाहेब. लायडस्खेनडाम-फोरबर्गला मुलगी इरावतीकडे पाहुणे म्हणून आलेले आणि विमानं बंद झाल्याने तिथेच अडकलेले. त्यांना वर्षभर दुसरा उद्योग नव्हता. हा सिनेमा त्यांनी इंग्रजी अक्षरं लावून अनेकदा पाहिला होता, असं त्यांनी अगदी सौजन्याने सांगितलं.

"शिरीषराव, एक शंका आहे," ते म्हणाले. "तो चहा पिणारा डेनिसचा मामा नाही. तो पोलीस आहे. डेनिस त्याला टेरीची सगळी माहिती देतो. फितूर डेनिसच आहे ना?"

माझ्या पायजम्यातून गार वारं गेलं. पण माघार घेईन तर मी कसला. म्हटलं, "काका, पोलिसांनाही आपण मामाच म्हणतो."

काही जण हसले, पण बाळासाहेब हसले नाहीत. मग मी म्हटलं, हे वरवरचं बघणं झालं, आतला अर्थ वेगळा आहे. हवं तर सौमित्रला विचारा, तो माझ्या सोबत होता. सौमित्रने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, की शिरीष म्हणतोय ते शंभर टक्के बरोबर आहे.

बाळासाहेबांनी शांतपणे तो प्रसंग स्क्रीनवर लावला. टपरी, चहा, डेनिस, मामा. इरावतीच्या संगणकावर अक्षरं मात्र डचमध्ये आली. सुनेत्राताई म्हणाल्या, हे तर उत्तमच झालं, आपल्याकडे डचचे सर आहेत, त्यांनीच भाषांतर करावं. खाली लिहिलं होतं, 'इक हेब हेम फेराडेन.'

मी डोळे मिटले. आता सौमित्र खरं सांगणार आणि मी संपणार. त्याचा काय दोष? डचचा शिक्षक आहे, सगळा वर्ग समोर बसलाय.

सौमित्रने घसा साफ केला आणि म्हणाला, "मी त्याला सल्ला दिला."

"सल्ला?" बाळासाहेबांनी विचारलं. "मग पोलीस हे लिहून का घेतोय?"

"चांगला सल्ला असेल," सौमित्र म्हणाला.

डेल्फ्टला पीएचडी करणारी ऋजुता त्याच्या वर्गातली सगळ्यात मन लावून शिकणारी विद्यार्थिनी. तिने फोनवर शब्द शोधला आणि चाचरत सांगितलं, की सर, फेराडेन म्हणजे विश्वासघात करणं, असं इथे दिलंय. सौमित्र अजिबात डगमगला नाही. पुस्तकी अर्थ तसा असेल, म्हणाला, पण बोलीभाषेत सल्लाच. मग एकेक विद्यार्थी कुजबुजायला लागला. कुणी म्हणालं, आपण तर हेच डचच्या सरकारी परीक्षेत लिहून आलो. नीळकंठ नावाच्या गृहस्थांचा चेहरा तर पांढराफटक पडला. त्यांनी घरमालकाला डचमधून पत्र धाडलं होतं.

माझा ऊर भरून आला. या माणसाने माझी फजिती झाकण्यासाठी स्वतःची अब्रू, स्वतःचा वर्ग, सगळं पणाला लावलं होतं. डेनिसने टेरीसाठी जे केलं नाही, ते सौमित्र माझ्यासाठी करत होता. मला राहवलं नाही. मी उभा राहिलो, तेव्हा पायजमा सगळ्यांना दिसला, तरी मी थांबलो नाही. मी म्हटलं, मला त्या सिनेमातलं अवाक्षरही कळलं नाही. लंडनला माझ्या टीममध्ये सगळे पुण्याचे होते आणि एक हैदराबादचा, दोन वर्षं मी इंग्रजी फक्त बसच्या पाट्यांवर वाचलं. सौमित्रला खरा अर्थ माहीत आहे, तो केवळ माझ्यासाठी खोटं बोलतोय. असा मित्र मला जन्मोजन्मी मिळो.

मी थांबलो. सगळे चेहरे स्क्रीनच्या जवळ सरकले होते. मग सुनेत्राताई म्हणाल्या, "शिरीष, तुमचा आवाज बंद आहे."

मग ते सगळं मला पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ते तेवढं उदात्त वाटलं नाही. पुण्याच्या टीमपर्यंत आलो तेव्हा मेधा शेजारच्या खोलीत इतकी हसली, की ते मात्र सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं.

पण परिणाम झाला. बाळासाहेब गहिवरले. ऋजुताने सरांची माफी मागितली. सुनेत्राताईंनी जाहीर केलं, की मैत्रीचा असा आदर्श मंडळाच्या इतिहासात नाही, आणि सौमित्र सरांच्या बुधवारच्या वर्गात तिथल्या तिथे नव्या नावांची गर्दी उसळली. माझं नाव कुणी काढलं नाही. मला चालणार होतं. मी मित्राला वाचवलं होतं.

बैठक संपताच त्याचा फोन आला. आवाज कसनुसा होता. मी म्हटलं, आभार मानू नकोस, तू माझ्यासाठी जे केलंस त्यापुढे हे काहीच नाही.

"ते ठीक आहे रे," सौमित्र म्हणाला. "पण फेराडेन म्हणजे सल्लाच ना?"

मी खाली बसलो. मग विचारलं, की बाबा रे, त्या दिवशी तू सिनेमाभर मान कशाला डोलवत होतास?

"तू सांगत होतास ना सगळं," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला इंग्रजी येतं."

आता हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. मेधाने माझंही नाव त्याच्या बुधवारच्या वर्गात घातलंय.