प्रश्न दुसरा : साबिर वाडगा परत का करत नाहीत?

मंगळवारच्या शिकवणीत उस्ताद वग्दींनी दुसऱ्या प्रश्नाला सगळ्या वर्गाला शून्य दिलं आणि त्या आठवड्यापुरती मन्सूरा शहरातल्या एका सुस्त गल्लीची झोप उडाली.

खरं तर उतारा अगदी निरुपद्रवी होता. उस्ताद सरकारी शाळेत अरबी शिकवून निवृत्त झाले होते आणि आता दुपारनंतर दिवाणखान्यात आठवीच्या मुलांकडून उतारे सोडवून घेत. मधमाशीची शिस्त, नाईलचे उपकार, उंटाची सहनशीलता, दातांची निगा हे पिढ्यानपिढ्या चालत आलेले उतारे त्यांच्याकडे होते. पण या मुलांच्या थोरल्या भावंडांनी ते उत्तरांसकट फोनमध्ये साठवून धाकट्यांना आहेर केले होते. उस्तादांनी "मधमाशी" म्हणायला तोंड उघडलं की वर्ग एका सुरात "सहकार्य आणि स्वच्छता!" म्हणे. वाचायची गरजच उरली नव्हती.

तेव्हा दर आठवड्याला ताजा उतारा घरीच पाडावा लागे. त्याला विषय लागतो. आणि पत्नी सफीनाझ गेल्यापासून उस्तादांकडे विषयांनी येणं बंद केलं होतं. मुलगी कॅनडात होती. ती शुक्रवारी फोन करून "बाबा, जेवलात ना?" विचारी, ते "जेवलो" म्हणत. यावर उतारा होत नाही. शिकवणी सुटून मुलं जिना उतरली की त्यांचा गलका खालच्या दारापर्यंत ऐकू येई, आणि मग घरात फ्रिज एकटाच बोलत बसे. त्यावरही होत नाही.

शेवटी एका दुपारी समोर पुस्तकांच्या कपाटावर जे दिसलं त्यावरच त्यांनी लिहून टाकलं :

"साबिर नावाचे एक गृहस्थ अशा इमारतीत राहत, जिथे लिफ्ट त्यांच्या मजल्यावर थांबत नसे. आशुराच्या दिवशी वरच्या मजल्यावरील शेजारणीने त्यांना निळ्या काठाच्या वाडग्यातून गव्हाची खीर पाठविली. खीर उत्तम होती. वाडगा मात्र साबिर यांच्याकडेच राहिला. दर शुक्रवारी ते तो धुतात, पुसतात आणि पुस्तकांच्या कपाटावर ठेवतात. जिन्यात शेजारणीची पावले ऐकू आली, की ते दाराआड थांबतात व पावले दूर गेल्यावर बाहेर पडतात. प्रश्न पहिला : शेजारणीने काय पाठविले? प्रश्न दुसरा : साबिर वाडगा परत का करत नाहीत?"

उस्तादांच्या मते दुसऱ्याचं उत्तर उघड होतं : साबिरला स्वयंपाक येत नाही. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे मन्सूरात दुधाचे दात न पडलेल्या पोरालाही ठाऊक असतं. बरं, बाजारची मिठाई भरून द्यावी तर 'घ्या तुमच्या खिरीची किंमत' असं तोंडावर म्हटल्यासारखं होतं. म्हणून वाडगा राहिला. यात न समजण्यासारखं काय आहे?

सगळ्या वर्गाने लिहिलं होतं : कारण वाडगा परत केला तर तिचं काहीच त्यांच्याकडे उरणार नाही.

"हे कुणी कुणाचं बघून लिहिलंय?" उस्तादांनी विचारलं.

"कुणीच नाही, उस्ताद," रीताज म्हणाली. ही मुलगी पहिल्या बाकावर बसे आणि तिला गप्प करायचा उपाय अजून कुठल्या शाळेला सापडला नव्हता. "उताऱ्यातच आहे."

"उताऱ्यात कुठे आहे?"

"धुतलेला वाडगा कुणी दर शुक्रवारी परत धुतं का? आमच्या घरी तर न धुतलेलेही धुवायला कुणी उठत नाही."

"त्यावर धूळ बसते!"

"मग कपाटात ठेवायचा. वर दिसेल असा कशाला ठेवलाय?"

"रीताज, आपण उतारा वाचतोय, साबिरची झडती घेत नाही आहोत. बस खाली."

ती बसली. पण बसता बसता तिची नजर उस्तादांच्या डोक्यावरून मागच्या कपाटाकडे गेली आणि तिथेच राहिली. तिने शेजारच्या मुलीला कोपर मारलं. शेजारच्या मुलीने पुढे मारलं. कोपर वर्गभर फिरून आलं तोवर उस्ताद फळ्यावर 'आदर्श उत्तर' लिहून हाताचा खडू पुसत होते. मुलं दर आठवड्याला लिफ्ट न थांबणाऱ्या दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत चढत होती. आता निळा काठही दिसला.

शून्याची बातमी घरोघरी पोचली तशी दुसऱ्या दिवशी दुपारी रीताजची आई, उम्म रीताज, दारात उभी राहिली. मागे आणखी आया होत्या. जिना चढून सगळ्यांना धाप लागली होती, पण उम्म रीताजला धापेतही बोलता येई.

"उस्ताद, माझा भाऊ शिक्षणखात्यात तपासनीस आहे. त्याला फोनवरून अख्खा उतारा वाचून दाखवला. तो म्हणाला, पोरांचं बरोबर आहे."

"तुमच्या भावाचा विषय काय?"

"शारीरिक शिक्षण. पण माणूस आहे ना तो! भावना कळतात त्याला." मग तिने आवाज एकदम खाली आणला, जसा दवाखान्यात आणतात. "मार्कांचं राहू द्या, उस्ताद. रीताजने सगळं सांगितलं. तुम्ही एवढे कष्टी आहात आणि आम्हाला पत्ता नाही! एक शब्द टाकायचात."

"कोण कष्टी? साबिर काल्पनिक आहे!"

"हो हो," सगळ्या आया एकदम म्हणाल्या आणि एकदम कपाटावर पाहिलं.

"त्यात काय लाजायचं?" उम्म बासिम म्हणाली. "स्वयंपाक येत नाही, एवढंच ना? आम्ही कशाला आहोत? भरून देऊ वाडगा. मदाम इन्शिराहला कळणारसुद्धा नाही."

"कोण मदाम इन्शिराह?" उस्तादांनी विचारलं. तिसऱ्या मजल्यावर तेवढं एकच बिऱ्हाड असल्यामुळे हा प्रश्न फारसा टिकला नाही.

शुक्रवारी अन्न येऊ लागलं. वाडगा एक आणि आया अनेक, त्यात कुणाची पाककृती वाडग्यात जाणार यावर एकमत होईना. तेव्हा प्रत्येकीने आपापलं आपापल्या भांड्यातून आणलं आणि निवड उस्तादांवर सोपवली. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या आल्या, भरलेली वांगी आली, शेवया घातलेला भात आला, भाजलेलं कबुतर आलं, बशामेलचा म्हणजे पांढऱ्या सॉसमधला मकरोना आला. संध्याकाळपर्यंत जेवणाच्या टेबलावर कोपर ठेवायला जागा उरली नाही. दारवानाने वर येऊन विचारलं, "उस्ताद, मुलीचं लग्न ठरलं का?"

सफीनाझ गेल्यापासून त्या टेबलावर एवढं अन्न पाहिलं नव्हतं. उस्तादांनी खुर्ची ओढली, थोडं याचं, थोडं त्याचं असं घेतलं. चव सगळ्याचीच छान होती. "वांगी बघ कशी झालीत," असं म्हणायला ते वळले. समोर भांडी होती.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की ही भांडीही परत करायची आहेत. रिकामी नाही.

काल एका वाडग्याचं ओझं होतं; आज टेबलभर झालं. उस्ताद रात्रभर तळमळले आणि सकाळी त्यांना एक तोडगा सुचला, तो इतका सोपा होता की आधी का सुचला नाही याचं त्यांना नवल वाटलं. उम्म रीताजच्या गुंडाळ्या उम्म बासिमच्या ताटात. उम्म बासिमची वांगी भाताच्या पातेलीत. भात मकरोनाच्या थाळीत. एकही भांडं रिकामं जाणार नव्हतं, आणि स्वतः एक कांदासुद्धा चिरायचा नव्हता. दारवानाला हाक मारून त्यांनी सगळं मार्गी लावलं आणि बऱ्याच दिवसांनी शीळ घातली.

शीळ दुपारपर्यंत टिकली.

"उस्ताद!" उम्म बासिम ताट घेऊन जिना चढत होती. "ह्या गुंडाळ्या तुम्ही केल्यात?"

"म्हणजे... घरच्याच आहेत."

"घरच्या आहेत, पण कुणाच्या घरच्या? गुंडाळीत इतका शेपू घालणारी बाई अख्ख्या गल्लीत एकच आहे."

"शेपूत काय वाईट आहे गं?" उम्म रीताज तिच्या मागेच होती. तिच्या हातात कबुतर होतं. "आणि उस्ताद, माझ्या गुंडाळ्या तुम्हाला आवडल्या नाहीत, तर तसं सांगायचं. हिला कशाला पाठवायच्या? ही मागच्या ईदपासून माझ्या शेपूवर टपलेली आहे."

"मी टपलेली? वांगी खारट म्हणून कोण बोललं होतं सगळ्यांदेखत?"

"खारट होतीच!"

भात आला, मकरोना आला, त्यांच्या मालकिणी आल्या. शनिवारची शिकवणी असल्यामुळे मुलंही आली. जिन्यात, दारात आणि दिवाणखान्यात मिळून असा काही कालवा झाला की वरच्या मजल्यावरचं दार उघडलं. पावलं खाली येऊ लागली.

उस्ताद सवयीने दाराआड झाले. पण दाराआड आधीच उम्म बासिम उभी होती.

मदाम इन्शिराह टपाल कचेरीतून निवृत्त झाल्या होत्या. उभं आयुष्य खिडकीमागे बसल्यामुळे त्या कुणाकडेही चौकटीतून पाहावं तशा पाहत आणि पुढचा माणूस आपोआप रांगेत उभा राही. आताही आया जरा रांगेसारख्या झाल्या.

"काय चाललंय इथे?"

जी बोलणार हे उघड होतं ती बोलली. "मावशी, तुमच्या वाडग्याचं चाललंय," रीताज म्हणाली आणि तिने उताऱ्याचा कागद पुढे केला.

मदाम इन्शिराहनी चष्मा लावला आणि उभ्या उभ्या वाचलं. वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. लोकांच्या तारा वाचण्यात हयात गेली होती.

"गव्हाची खीर," त्या म्हणाल्या. हे पहिल्याचं उत्तर होतं. "साबिर कोण?"

सगळ्यांनी उस्तादांकडे न पाहण्याची इतकी शिकस्त केली, की शंकेला जागा राहिली नाही.

"उतारा बरा आहे," मदाम म्हणाल्या. "दुसरा प्रश्न चुकलाय. वाडगा माझा नाही."

"तुमचा नाही?" उस्ताद दाराआडून बाहेर आले. "आशुराला वरून आला होता. दारवान स्वतः घेऊन आला!"

"आला. 'उस्तादांचा वाडगा परत करतेय' असं सांग म्हटलं होतं त्याला. काय सांगितलं त्याने?"

"'वरून आलंय' म्हणाला."

"वाटलंच." त्या कुणाची परवानगी न घेता स्वयंपाकघरात गेल्या, शिंकाळ्यासारख्या उंच फडताळाचं दार उघडलं आणि बाजूला झाल्या. आत निळ्या काठाचे वाडगे एकात एक घालून ठेवले होते. त्यावर एक घडी केलेला रुमाल होता. तो सफीनाझने ठेवला होता आणि तेव्हापासून कुणी हलवला नव्हता.

या फडताळाखालच्या ओट्यावर उस्ताद रोज अंडं उकडत होते.

"माझे यजमान गेले तेव्हा सफीनाझने मसुराचं सूप पाठवलं होतं यातून," मदाम इन्शिराह म्हणाल्या. "म्हटलं, काहीतरी चांगलं करून भरून देऊ. मन लागेना. आज देऊ, उद्या देऊ करता करता तीच गेली. मग परत कुणाला करायचा?"

"मग तुम्ही ठेवलात?" रीताजने विचारलं. "इतके दिवस?"

"गप बस गं!" तिची आई म्हणाली.

"ठेवला."

"धुवायचात?"

मदाम इन्शिराहनी चष्मा काढून त्याची घडी घातली. "गुरुवारी," त्या म्हणाल्या.

शेपू, मीठ सगळं विसरून आया आपापल्या भांड्यांकडे पाहू लागल्या.

"म्हणजे, उस्ताद, तुमचं माझ्याकडे काही नाही, माझं तुमच्याकडे काही नाही," मदाम म्हणाल्या. "सुटलो आपण." आणि त्या वर निघून गेल्या.

आयांनी भांडी उचलली. रिकामी होती तीसुद्धा नेली. पहिल्यांदाच कुणी त्यावर शब्द काढला नाही. शिकवणी झाली. प्रश्नच चुकीचा असल्यास सर्वांना पूर्ण गुण द्यावेत, असा परीक्षामंडळाचा संकेत आहे. त्याप्रमाणे उस्तादांनी सगळ्यांना गुण दिले. मुलं आनंदाने ओरडत जिना उतरली, आणि फ्रिज बोलू लागला.

उस्ताद सुटले होते. आता जिन्यात पावलं वाजली तरी थांबायचं कारण नव्हतं. संध्याकाळी ती वाजली. ते दार उघडून सरळ बाहेर पडू शकले असते. पण कुठे जायला? पावलं खाली गेली, भाकरी घेऊन वर आली, वरचं दार लागलं. कपाटावरचा वाडगा त्यांनी फडताळात ठेवून पाहिला. तो इतरांत असा बसला, की कुठला ते ओळखू येईना. ते बघवलं नाही. सगळ्यात वरचा उचलून त्यांनी परत बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या वेळेला, उस्ताद वग्दी तिसऱ्या मजल्यावर गेले. लिफ्ट तिथे थांबत असे, पण ते जिन्याने गेले आणि घंटा वाजवून उभे राहिले. आतून लसणाच्या फोडणीचा वास येत होता.

दार उघडलं. मदाम इन्शिराहनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग हातातल्या वाडग्याकडे, मग वाडग्याच्या आत.

"रिकामा आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि तुमचाच आहे."

"हो."

"उस्ताद, स्वतःचा रिकामा वाडगा घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहतात त्याला परत करणं म्हणत नाहीत. मागणं म्हणतात."

उस्तादांचे कान लाल झाले. पण ते हलले नाहीत. वाडगा दोन्ही हातांनी पुढे धरलेला होता आणि तोही हलला नाही.

मदाम इन्शिराहनी चौकटीतून पाहिलं. मग त्यांनी वाडगा घेतला आणि दारातून एका बाजूला सरकल्या.

"मुलूखियाची भाजी आहे. मी लसूण जास्त घालते. चालेल?"

उस्ताद वग्दींनी आयुष्यभर मुलांना बजावलं होतं, की उत्तर नेहमी पूर्ण वाक्यात द्यावं.

"चालेल," ते म्हणाले.