काचेवरचा हिरवा आकडा

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या बायकोला दवाखान्यातून आणायला ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर निघाले ते लेकीची नवीकोरी गाडी घेऊन. तीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली होती. गाडीला कधी ओरखडा नाही, आणि "नजर रस्त्यावर!" ही आरोळी तर ते झोपेतही ठोकायचे.

या गाडीत वेगाचा आकडा समोरच्या काचेवर उमटायचा, जणू रस्त्यावरच तरंगतोय. तीसच्या आत हिरवा, वर गेला की लाल. मास्तर बेहद्द खूश! त्यांनी आकडा हिरव्याचा लाल म्हणून होऊ दिला नाही. दवाखान्याचं फाटक आलं तरी हिरवा, मागे पडलं तरी हिरवाच.

फोन वाजला. "अहो, कुठे निघालात? मी फाटकाशी उभी आहे ना, पिवळी छत्री घेऊन!"

"फाटकाशी तर कोणी नव्हतं."

"माझ्या एका डोळ्याला पट्टी आहे, तरी मला तुम्ही दिसलात!"

मास्तर हादरले. वळसा घालून परत आले, या खेपेला डोळ्यांत तेल घालून. तेवढ्यात पुन्हा फोन आला आणि आकड्याशेजारी ठसठशीत अक्षरं उमटली : 'गृहमंत्री'. मास्तरांनी ती नीट वाचली. अक्षरांच्या मागे खुद्द गृहमंत्री छत्री नाचवत रस्त्यावर उतरल्या होत्या.

कडाड् कट्!

मास्तरांनी ब्रेक दाबला. खिडकीतून वाकून पाहिलं तर चाकाखाली पिवळं कापड! "अगं!" ते ओरडले.

"छत्रीच गेली," बाजूने आवाज आला. "मी सोडली म्हणून वाचले. उतरा आता."

तिने त्यांना दंडाला धरून वर नेलं. "डॉक्टर, माझा एक डोळा झाला. आता यांचे दोन्ही बघा."

मास्तरांनी भिंतीवरचा तक्ता शेवटच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा वाचला.

"नजर उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले.

मास्तरांच्या जिवात जीव आला. "बघ! डोळ्यांत काही खोट नाही."

"नाहीच. पण तुम्ही वाचत होतात, तेव्हा मी कुठे होते?"

"कुठे म्हणजे? माझ्या मागे."

डॉक्टरांनी घसा खाकरला. "तक्त्याला खेटून, मास्तर. मोडकी छत्री हलवत."

मास्तरांनी किल्ली निमूटपणे मेजावर ठेवली. "लेकीला बोलाव," ते म्हणाले.