बंदीच्या आधीचं मीठ

भर बाजारात याकोबमामांनी मामलेदारसाहेबांची विजार पोटरीपर्यंत वर केली. साहेब वांगी निवडायला वाकले होते. मामांनी खाली बसून त्यांच्या नडगीवर अंगठा रोवला, दहा आकडे मोजले, अंगठा उचलला आणि म्हणाले, "कोरडा हाय. जा तुम्ही." मी साहेबांच्याच कचेरीतला कारकून. माझी तर बोबडीच वळली! साहेब मात्र गुमान विजार खाली करून वांगी घेऊन गेले. शिरूरमध्ये मामांपुढं पाय आखडून घ्यायची कुणाची टाप नव्हती.

मामा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. माणूस भेटला की रामराम नंतर, आधी "पाय बघू." अंगठ्याचा खड्डा कातडीत तसाच राहिला, की "पाणी हाय" म्हणून मनगट धरायचे आणि दौंडहून आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरीणबाईंपुढं नेऊन उभं करायचे. एका नवरदेवाला तर त्यांनी घोड्यावर बसल्या बसल्या तपासलं होतं. कचेरीत आम्ही त्यांची नक्कल करून पोट धरून हसायचो.

मग आमच्या आबांची पाळी आली. माझे वडील न्हावऱ्याला शेती बघायचे. बांधापर्यंत जाताना त्यांना धाप लागायला लागली. आडवं झालं की खोकला, जीव कासावीस. वाकळेची वळकटी करून तिला टेकून झोपायचे. वहाणा पायात जाईनात. आई म्हणाली वात, मी म्हणालो वय. शेवटी आईसोबत त्यांना एसटीनं शिरूरला आणलं. मामांनी अंगठा दाबून उचलला. खड्डा भरेचना. त्यांनी आबांच्या मानेवरची फुगलेली शीर न्याहाळली आणि हळूच विचारलं, "ल्हानपणी सांधे सुजून ताप आला व्हता का?"

"व्हय की! दोन महिने पडून व्हतो. तुमास्नी कुणी सांगितलं?"

आबांचा बालपणीचा ताप या माणसानं पायावरून ओळखला होता! बाईंनी नळी लावून तपासलं आणि तेच सांगितलं. त्या तापानं हृदयाची झडप खराब झाली होती, आणि आता हृदय थकलं होतं.

बाई गेल्यावर मामा आबांना म्हणाले, "मोटंचा बैल दमलाय. मेला न्हाई, दमलाय. पाणी फुडं जाईना, म्हून मागं साचतंय, पायात आन् छातीत. गोळीनं त्यो नीट ओढंल. सुईनं साचलेलं लघवीवाटं जाईल. पण मीठ पाणी धरून ठिवतं. मीठ बंद!"

"आन् न्हाई केलं तर?"

"तर औंदाची दिवाळी न्हाई बघायची."

आईनं तोंडाला पदर लावला.

मामांच्या हुकमानं आबा घरी रोज सकाळी कांदे तोलायच्या काट्यावर बसायला लागले. वजन वाढलं म्हणजे पाणी वाढलं. पहिले पंधरा दिवस वजन उतरत गेलं, सूज ओसरली. तिसऱ्या आठवड्यात काटा पुन्हा चढला आणि धाप परत आली. मामा माझ्यावरच उखडले. "ह्यो माझ्या गोळीचा अपमान हाय!"

रविवारची उपासना आटोपून ते माझ्याबरोबर न्हावऱ्याला आले आणि थेट चुलीपाशी पाट टाकून बसले. कालवण चाखलं, भाकरीचा तुकडा चघळला. "अळणी. शाबास वहिनी." मग आईनं आबांचं ताट वाढलं. कडेला लोणच्याची भली मोठी फोड, शेजारी खारातल्या मिरच्या. आजारी माणसाच्या तोंडाला चव यावी म्हणून गल्लीतली प्रत्येक बाई भेटायला येताना काहीतरी आणत होती.

"वहिनी, मीठ बंद हाय ना?"

आईला ते लागलं. "बंदच हाय! तुमी सांगितल्यापास्नं चिमूट घातली न्हाई. ह्ये लोणचं उन्हाळ्यातलं. तवा कुठं बंदी व्हती?"

मी फसकन हसलो. मामा हसले नाहीत. उठून त्यांनी आईपुढं हात जोडले. "चूक माझी, वहिनी. मीच फोड करून सांगायला पायजे व्हतं." मग लोणचं, पापड, सुकट, खारी मिरची, एकेक बोट मोडत सगळं बंद केलं. तेवढ्यावर भागलं नाही. भर उन्हात ते गल्लीतल्या घरोघरी गेले. "आबास्नी भेटाया जरूर या. फकस्त रिकाम्या हातानं या."

त्या दिवाळीला आबा आपल्या पायांनी बांधापर्यंत जाऊन आले. मामांना जेवायला बोलवायला त्यांनी मला पाठवलं.

दवाखान्यामागं मामांची खोली होती. दुपारची वेळ, दार अर्धवट उघडं. मामा खाटेवर भिंतीला पाठ लावून ताठ बसले होते, आणि त्यांच्या छातीवर टेकून त्यांची बायको झोपली होती. तिचे पाय सुजून तकतकीत झाले होते. इतकी वर्षं मामांच्या गावात वावरलो, पण ती आजारी आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

"हळू," मामा कुजबुजले. "आडवं झालं की जीव गुदमरतो तिचा. आता गोळी लागू पडंना."

मी चपला दाराबाहेर काढून अलगद आत आलो.

"आबा कसं हायत?"

"बांधापर्यंत चालत गेले, मामा."

त्यांचे डोळे भरले. "उठली की सांगतो तिला. आज कोण बरं झालं, ह्ये रोज इचारती."

मामांच्या नाकावर माशी येऊन बसली. बायको जागी होईल म्हणून त्यांनी हात उचलला नाही. मी पुढं होऊन माशी हाकलली, आणि ती जागी होईपर्यंत तिथंच माश्या वारत उभा राहिलो.