खालच्या काकांचं उरलेलं वाक्य

तीनशेव्या भागाचे कागद वाटले गेले, तेव्हा खालच्या काकांच्या वाट्याला नेहमीसारखं एकच पान आलं. पानावर एकच ओळ होती : 'मी काय म्हणतो... (डोक्यावर कुंडी पडते. काका संपतात. हशा.)' काकांनी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली. 'मी काय म्हणतो' ओळखीचं होतं. कुंडी तर घरचीच होती. 'संपतात' हा शब्द मात्र नवा होता.

खालचे काका म्हणजे एका कार्टून मालिकेतलं पात्र, आणि त्याला आवाज देणाऱ्या गृहस्थांनाही सगळे त्याच नावानं हाक मारत. मालिकेत एक कुटुंब होतं. बाबा, आई, दोन मुलं आणि एक बोलकं मांजर. बाबा दर आठवड्याला गच्चीवरून पडायचे, कधी घर पेटवायचे, आणि पुढच्या दृश्यात केसाला धक्का न लागता सोफ्यावर बसलेले दिसायचे. अशा मालिकेत सगळ्यांनी मिळून हसायला एक माणूस लागतोच. त्याला कथेत काम नसलं तरी चालतं, पण त्याच्या टाळक्यात काहीतरी पडल्याशिवाय भाग पुरा होत नाही. इथे तो मान खालच्या काकांचा होता. ते खालच्या मजल्यावरून छत्री घेऊन वर यायचे, दार वाजवायचे, 'मी काय म्हणतो' एवढं म्हणायचे, की वरून कुंडी, इस्त्री किंवा मांजर यायचं. जिन्यातल्या जिन्यात यायला छत्री कशाला, हेही कोणी विचारत नसे. पहिल्या चित्रकारानं ती काढली, तो नोकरी सोडून गेला आणि छत्री तेवढी राहिली.

काकांनी मुख्य लेखकाला त्याच्या टेबलापाशी गाठलं. हा लेखक स्वतःचा विनोद सांगण्याआधी स्वतःच हसून घेत असे, म्हणजे पुढे कोणी हसलं नाही तरी त्याचं अडत नसे. काकांची तक्रार नव्हती. पात्र संपवायचं तर संपवा, पण जाता जाता त्याला त्याचं वाक्य पुरं करू द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"कुठलं वाक्य?" लेखकानं विचारलं.

"मी काय म्हणतो, याच्या पुढचं."

"पुढचं काही नाहीच आहे, काका. पुढे कुंडी आहे."

बसायला खुर्ची दिलेली नव्हती म्हणून काका उभे राहिले, नाहीतर त्यांनी बसूनच घेतलं असतं. नऊ वर्षं त्यांची समजूत होती की उरलेलं वाक्य स्टुडिओतल्या कुठल्यातरी फायलीत आहे. ते मिळेपर्यंत म्हणून त्यांनी स्वतःपुरतं एक जुळवून ठेवलं होतं. पुढे काय म्हणायचंय हे पोटात नसेल, तर नुसतं 'म्हणतो' ओठांवर खोटं वाटतं, असं त्यांचं मत होतं. आज कळलं की ते वाक्य जगात फक्त त्यांच्याकडे आहे, आणि ते सांगायला आता एकच संधी उरली आहे. परतताना त्यांनी ठरवून टाकलं. कुंडी पडायच्या आत बोलून मोकळं व्हायचं.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न कामाचा विचारला.

"कुंडी पडायला वेळ किती लागतो?"

"दीड सेकंद."

"आणि तुमचं वाक्य?"

वाक्य सहाच शब्दांचं होतं, पण काका ते चवीचवीनं म्हणायचे, त्यामुळे साडेचार सेकंद घ्यायचे. बायको शिवणकाम करायची. तिनं चिंध्यांचं एक गाठोडं बांधलं आणि ती स्टुलावर चढली. काका 'मी काय म्हणतो' म्हणत आणि ती गाठोडं सोडत असे. पहिल्या दिवशी दोन शब्द झाले. तिसऱ्या दिवशी तीन झाले आणि काकांची मान आखडली. बायकोनं सुचवलं की एखादा शब्द गाळावा. काका म्हणाले, नऊ वर्षं ताटकळलेल्या माणसाचं वाक्य निदान लंगडं तरी असू नये. मग तिनं सहा शब्द एका श्वासात म्हणायला लावले. आठवड्याच्या शेवटी गाठोडं डोक्याला लागायला आणि शेवटचा शब्द सुटायला गाठ पडली. दोघांनी त्या दिवशी बाहेर जाऊन आइस्क्रीम खाल्लं.

तीनशेवा भाग नाट्यगृहात, प्रेक्षकांसमोर व्हायचा होता. मोठ्या पडद्यावर चित्र चालणार होतं, आणि खाली माइकपाशी उभं राहून सगळे तिथल्या तिथे बोलणार होते. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यानं त्यासाठी नवी सोय केली होती. ज्याच्या माइकमध्ये आवाज जाईल, त्या पात्राचं तोंड पडद्यावर आपोआप हलायचं.

सकाळच्या तालमीत कुंडी पडली आणि रिकाम्या नाट्यगृहात फक्त लेखक हसला. त्याला वाटलं, तीनशेव्या भागाला कुंडी काही शोभत नाही. त्यानं कुंडीच्या जागी कपाट घ्यायला लावलं. कपाटानंतर पियानो आला. पियानोही किरकोळ वाटला, तेव्हा त्यानं गच्चीवरची पाण्याची अख्खी टाकी, पाण्यानं भरलेली, पाडायला सांगितली.

"पाणी मशीनला जड जातं सर," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "एकेक थेंब वेगळा हलवावा लागतो. कुठेतरी अडकेल."

"अडकत नाही. लाखभर थेंब घे."

टाकी किती वेळात खाली येते, हे काकांनी हळूच विचारून घेतलं. पाऊण सेकंद. काकांनी विंगेत जाऊन दोनदा प्रयत्न करून पाहिला. पाऊण सेकंदात जेमतेम एक शब्द बसत होता. आठवडाभराची मान आखडणं पाण्यात गेलं होतं. संध्याकाळी तिसऱ्या रांगेत येऊन बसलेल्या बायकोला त्यांनी विंगेतून बोटांनी खूण केली की जमत नाही. तिला वाटलं, ते प्यायला पाणी मागताहेत.

खेळ सुरू झाला आणि रंगला. बाबांचा आवाज करणारा मोठा नट होता. त्याला कागदावर नसलेला शब्द आयुष्यात कधी सुचला नव्हता, पण कागदावरचा प्रत्येक शब्द तो सोन्याचा करायचा. बाबा पडले, मांजर बोललं, टाळ्या झाल्या. शेवटी पडद्यावर दार वाजलं. चौकटीत एकटे खालचे काका, हातात छत्री. प्रेक्षक आधीच हसायला लागले.

"मी काय म्हणतो," काका म्हणाले.

वरून टाकी निघाली, कलंडली, पहिले हजारभर थेंब बाहेर आले आणि लाखभर थेंबांच्या ओझ्याखाली कॉम्प्युटरनं मान टाकली. टाकी काकांच्या डोक्यावर वीतभर अंतरावर अधांतरी थांबली. सगळं चित्र गोठलं, फक्त काकांच्या ओठांची सोय तेवढी वेगळ्या मशीनवर असल्यामुळे जिवंत राहिली.

एक सेकंद गेला, दोन गेले, पाच गेले. टाकी काही येईना. लेखक विंगेतून कानातल्या यंत्रावर ओरडत होता की कोणीतरी काहीतरी बोला. मोठ्या नटानं कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. आणि खुद्द काका म्हणाल, तर तेही थांबले होते. नऊ वर्षं त्या जागी थांबायची इतकी सवय जडली होती की अडवणारं कोणी नसताना ते आपणहोऊन अडले. वाक्य जिभेवर होतं आणि जीभ डोक्यावर काहीतरी पडायची वाट पाहत होती. असंच राहिलं तर हे वाक्य आपल्याबरोबरच जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"अहो, बोला ना आता," तिसऱ्या रांगेतून बायको म्हणाली. "मी काही सोडत नाहीये."

काकांनी माइक धरला.

"मी काय म्हणतो, तुमच्या बाथरूमचं पाणी माझ्या घरात गळतंय."

मग मागे कुठेतरी एक बाई हसली, आणि तो हशा रांगा ओलांडत पुढे आला. पण हा हशा नेहमीचा नव्हता. लोक काकांना हसत नव्हते. सगळ्यांना एकदमच छत्रीचा उलगडा झाला होता. पडद्यावर ओठ हलत राहिले. काका घाई न करता, चवीचवीनं बोलत होते.

"नऊ वर्षं गळतंय. मी तीन प्लंबर वर पाठवले. एकाच्या अंगावर तुम्ही मांजर सोडलंत, दुसऱ्याला चोर समजून बांधून ठेवलंत, तिसरा तर तुमच्या गच्चीवरून बाबांबरोबरच पडला. तुम्ही इथे हसता ते मला खाली ऐकू येतं. बरं वाटतं, खरंच. घर हसतं असावं. पण गळती वाढली की मी पलंग थोडा सरकवतो. आता पलंग दारात आलाय, आणि मी पाय जिन्यात ठेवून झोपतो."

त्या तिन्ही माणसांचे भाग लोकांनी पाहिले होते आणि त्या त्या वेळी पोट धरून हसलेही होते. आता कोणी हसलं नाही. चौथ्या रांगेतले एक आजोबा शेजारच्याला म्हणाले की आपण फार वाईट वागलो, जणू नळ त्यांच्याच घरचा होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा खालच्या काकांचं म्हणणं ऐकायला अख्खं नाट्यगृह पुढे वाकून बसलं होतं, आणि माइकपाशी काकांचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात कॉम्प्युटर शुद्धीवर आला. लेखक दोन्ही हातांनी 'पाड, पाड' अशा खुणा करू लागला. कॉम्प्युटरवाल्यानं टाकीकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं आणि टाकी पुसून टाकून सरळ पुढचं चित्र लावलं. पुढच्या चित्रात दारात बाबा उभे होते, समोर, टाकी पडलीच नसल्यामुळे, धडधाकट काका. बाबांची ओळ कागदावर होती. मोठ्या नटाला हायसं वाटलं आणि त्यानं ती जीव ओतून म्हटली.

"गेला एकदाचा."

"कुठे जातोय?" काका म्हणाले. "नळ दुरुस्त होईपर्यंत इथंच आहे."

लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात, तेव्हा आईचा आवाज करणारीनं माइक सोडून काकांचा हात धरला आणि त्यांना पुढे आणलं. तिसऱ्या रांगेत बायको दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होती आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती की मान अजून आखडलेली आहे, नाहीतर यांनी वाकून नमस्कार केला असता.

चौथ्या दिवशी लेखक वही घेऊन काकांच्या घरी आला. स्टुडिओत चार दिवस प्रेक्षकांची एकच चौकशी चालली होती, नळाचं पुढे काय झालं. मालकांनी सांगितलं होतं की पुढची कथा खालच्या मजल्यावर घडेल. खालच्या मजल्यावर काय काय आहे, हे मात्र एकाच माणसाला ठाऊक होतं. बायकोनं लेखकाला स्वयंपाकघरातल्या त्याच स्टुलावर बसवलं. काकांनी पहिल्या दिवसापासून सुरुवात केली, खोलीचा रंग, पहिला ओला डाग, पहिली बादली. पाचव्या मिनिटाला लेखकाला राहवलं नाही.

"इथे मला वाटतं काका, वरून जर एखादी—"

"त्यांचं पुरं होऊ द्या," बायको म्हणाली.

लेखक पुन्हा लिहू लागला. वही संपली, तेव्हा काका दुसऱ्या वर्षाच्या एप्रिलपर्यंत आले होते. बायको उठली आणि दुसरी वही घेऊन आली.