वाळवंटात नांगर टाकणारे सारंग

भर वाळवंटात नांगर टाकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कॅम्प हलला आणि ट्रकनं ओढत आणलेली कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, नव्या जागी थांबली, की दाऊद सारंग खाली उतरायचे, वाळूत खड्डा खणायचे, दुबईच्या खाडीवरून आणलेला एक गंजका नांगर त्यात पुरायचे आणि त्याचा दोर कॅराव्हॅनच्या कडीला आवळायचे. मग छाती काढून ओरडायचे, "नांगर पडला! खलास!"

"चाचा, चाकांना दगड लावलेत. ही जाणार कुठे?" मी एकदा विचारलं.

"लीडर, दगडाच्या भरवशावर जहाज सोडणारा सारंग तू बघितलास कुठं?"

मला ते लीडर म्हणत, कारण माझं लहानपण गिरणगावात पत्रकं वाटण्यात गेलं होतं आणि अन्याय दिसला की माझी जीभ वळवळायची. साठ सालानंतरची ती वर्षं. अबुधाबी तेव्हा म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपड्या आणि मागे वाळूच वाळू. त्या वाळूखाली तेल शोधणाऱ्या तुकडीत मी स्टोअरकीपर होतो. उन्हाळ्यात तिथे माणूस टिकत नाही, म्हणून आमचा कॅम्प हिवाळ्यापुरता.

दाऊद सारंग रत्नागिरीकडचे. उभी हयात मालवाहू बोटींवर खलाशांवर हुकूम चालवण्यात गेलेली. रिटायर झाल्यावर पडवीत पाय पसरून बसायचं सोडून हा माणूस दर हिवाळ्यात बायकोला घेऊन बोटीनं दुबईला उतरायचा आणि आमच्या कॅम्पवर यायचा. ते तंबू, दोर, पाण्याची पिंपं बघत. हलीमाबी आम्हा सगळ्यांच्या भाकऱ्या थापत. कॅम्पवर बाई ती एकटीच, म्हणून कॅम्पच्या गोऱ्या साहेबानं त्यांना एक जुनी कॅराव्हॅन दिली होती. म्हाताऱ्यांना हंगामापुरतं आणायचं, राबवायचं आणि हंगाम सरला की बोटीत बसवायचं, हे बघून माझं रक्त तापायचं.

सारंगांना मात्र काहीच टोचत नसे. कॅराव्हॅन म्हणजे त्यांचं जहाज. दारात उभं राहून "येऊ का वर?" असं विचारल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकायचं नाही.

"वर कसलं?" आतून हलीमाबी म्हणायच्या. "तीन पायऱ्या हायत. ये रे तू."

वाळूच्या टेकड्यांवरून कॅराव्हॅन हिंदकळायला लागली की सारंगांना उलट्या व्हायच्या. हलीमाबी पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणत, "सगळे समुद्र ओकल्याशिवाय पार केले, आणि वाळूत ह्यांना बोट लागते!"

संध्याकाळचं जेवण झालं की आम्ही शेकोटीशी पत्ते कुटत बसायचो. सारंग कधी थांबले नाहीत. दार लावून घ्यायचे, आणि आतून फक्त दोघांच्या बोलण्याची गुणगुण यायची.

"या वयात एवढं काय बोलता हो चाचा?" कोणीतरी डिवचायचं. "बायकोच्या पदराला गाठ मारून घ्या!"

"ड्यूटी हाय," सारंग म्हणायचे. चेहरा अगदी गंभीर.

मग एका हिवाळ्यात साहेबानं फर्मान काढलं. नवा इंजिनीअर येतोय, कॅराव्हॅन त्याला लागेल. सारंगांनी पुरुषांच्या तंबूत झोपावं. हलीमाबींची सोय अबुधाबीत एका कोकणी व्यापाऱ्याच्या घरी, पक्क्या खोलीत. पगार दोघांचाही चालू. साहेबाला वाटलं, आपण फार उदार झालो.

मी पेटलोच. तसाच कॅराव्हॅनकडे गेलो. "चाचा, आता माघार नाही. बोला, काय काय मागू? पगारवाढ? औषधपाणी? येण्याजाण्याचं भाडं?"

सारंग हात गुडघ्यांवर ठेवून जमिनीकडे बघत बसले. बोलल्या त्या हलीमाबी.

"हा डबा आमच्याकडं राहू दे. बाकी काय नको."

"अहो चाची, हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंती लागतात इथे!"

"म्हणून तर." त्यांनी पिठाचे हात झटकले. "गावाला घर मोठं हाय. दीर, जावा, सुना, नातवंडं. हे बोटीवरनं यायचे ते पावण्यासारखे. घर माणसांनी भरायचं. मी ह्यांना बघायची ती चहा देताना. आणि लगेच परत बोट. आता कायमचे आले, तर घराला ह्यांची सवय नाय. पडवीत खाट टाकून दिली. सगळे मान देतात. पण बोलायला काय, ते ना त्यांना कळत, ना ह्यांना."

"आणि इथे?"

"इथं मी ह्यांना सांगते. जे जे झालं ते. पोरगा चालायला लागला ते साल, विहीर आटली ते साल. रोज थोडं थोडं."

"एक दिवस गाळायचा नाय," सारंग एकदम म्हणाले. "पुढचं आधी सांगायचं नाय. आणि त्या साली मी कुठल्या बंदरात होतो ते मी हिला सांगायचं. परवा हिनं माझी आई गेली ती संध्याकाळ सांगितली. मी आठवून बघितलं. मी बसऱ्याला खजूर भरत होतो. गाणं पण म्हणत असेन रे लीडर."

मी उठलो. एवढी पत्रकं वाचली होती, त्यातल्या एकातही या मागणीला शब्द नव्हता. साहेबाला इतकंच सांगितलं, की कॅराव्हॅन गेली तर उद्यापासून कॅम्पवर कोणी जेवणार नाही. मागे बघितलं, तर सारंगांना डिवचणारे सगळे पत्तेवाले माझ्या पाठीशी उभे होते.

साहेब अर्धा नमला. हा हंगाम राहा म्हणाला. पुढच्या हिवाळ्यात पक्क्या बरॅकी होणार, बायका नकोत.

ऊन चढायला लागलं तसा कॅम्प उठला. दोघांना पोचवायला मी दुबईच्या बंदरापर्यंत गेलो. मुंबईच्या बोटीवर डेकच्या उतारूंत मध्ये ताडपत्री बांधलेली. बायका पलीकडे, पुरुष अलीकडे. हलीमाबी बोचकं घेऊन पलीकडे गेल्या. वळून बघितलं नाही त्यांनी.

"पुढच्या साली मिळेल ना रे कॅराव्हॅन?" सारंगांनी विचारलं.

"भांडू की, चाचा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच पटला नाही.

"इन्शाल्ला." ते जरा वेळ ताडपत्रीकडे बघत राहिले. "सांगता सांगता आमच्या लेकीच्या, अमीनाच्या लग्नाशी आलोय आम्ही. वरात दारात उभी हाय, आणि नवऱ्याचा बाप रुसलाय. तिथंच हंगाम सरला."

मला हसू आलं. "अहो, अमीना गावातच आहे ना? पोरंबाळं झाली तिला. विचारा तिलाच, सासरा कसा मानला ते."

"गावात सगळ्यांना ठाऊक हाय ते. मला सोडून." त्यांनी आपली वळकटी काखेत मारली. "पण मी कोणाला विचारायचा नाय. ही सांगेल तेव्हा. तोवर राहू दे वरात दारात उभी."

आणि ते पुरुषांच्या बाजूला जागा शोधायला गेले.