सुषमाताईंचा ब्रेक

सुषमाताईंवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, गौरीजेवणाच्या दिवशी, सकाळी साडेअकराला, कल्याणजवळच्या मोहन्यात, आमच्या स्वयंपाकघरात. करणारी माझी आई. बघत उभी राहिलेली मी.

ताई सणावाराला घरोघरी स्वयंपाक करायच्या, पण त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर स्वतःचं एकही काम नसे. जोशांची पूजा, पाटलांचं हळदीकुंकू, आमच्या गौरी, अशी दुसऱ्यांच्या देवांची यादी. प्रत्येकाच्या तीन दिवस आधी निळी फुली. ती पाळी लांबवायच्या गोळीची. फोनवर कुणी चाचरत विचारलं की ताई म्हणायच्या, "ब्रेक मारलाय गं, बिनधास्त बोलव."

मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय गोळ्या द्यायचा. मी या गोळ्यांवरचं आमच्या महिला आरोग्य गटाचं पत्रक दिलं, तर त्यावर त्यांनी करंज्या निथळत ठेवल्या. "कागद चांगलाय तुमचा. तेल पितो."

त्या दिवशी पुरणपोळ्या लाटताना ताई सारखा दंड खाजवत होत्या. डोळे पिवळे. मी आईला दाखवलं. आई म्हणाली, "हळद उडाली असेल. अजून चाळीस पोळ्या व्हायच्यात."

चाळीसही झाल्या. मग मी ताईंना कल्याणला डॉक्टरांकडे नेलं. कावीळ निघाली. तपासण्यांत दुसरं कारण सापडेना, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं.

"वर्षातून कितीदा घेता?"

"सण असतील तितक्यांदा."

"ही हार्मोन्स आहेत बाई. त्यांचा निचरा लिव्हरलाच करावा लागतो. सगळ्यांना त्रास होत नाही, तुम्हाला झालेला दिसतोय. आता बंद."

रिक्षात ताईंनी बोटांवर सण मोजले. मग म्हणाल्या, "बंद म्हणजे मार्गशीर्षातल्या गुरुवारीसुद्धा?"

"ताई, लिव्हर महत्त्वाचं की नैवेद्य?" मी पत्रकातलंच वाक्य फेकलं.

"नैवेद्याचं कोण बोलतंय? नंतर पंगतीला बसवतात ना मला. एरवी मी ओट्याशी उभ्यानेच जेवते. एकटीसाठी ताट कुठे मांडायचं?"

ताईंची कावीळ उतरली. पण आता ब्रेक नाही म्हटल्यावर आईने सणाच्या स्वयंपाकाला दुसरी बाई शोधली. जोशांनी, पाटलांनीही. कॅलेंडरवर आता फुल्या नाहीत, आणि नावंही नाहीत.

परवा मी त्यांना म्हटलं, "ताई, रविवारी जेवायला या."

"येते की," त्या म्हणाल्या. "करायचं काय आहे?"

तुमच्याही घरी अशी एखादी ताई सणाला राबून जात असेल. तिला बोलवा, तिच्या पाळीच्या दिवशी. काम सांगू नका. ताट तुम्ही वाढा, आणि तिच्या शेजारी बसून जेवा.