खुर्ची वापरात नाही

वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचं नूतनीकरण करायला आलेल्या डिझायनर मुलीनं खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि ग्रंथपालबाई काउंटरमागून उठून आल्या.

"ही काढावी लागेल. कुठे कोण बसतं ते मी फेऱ्या मारून टॅबवर टिपतेय. इथे एकदाही कुणी दिसलं नाही."

"दिसेल कसं? ती सरांची खुर्ची आहे."

"मग सर कुठे असतात?"

बाई चष्मा पुसत बसल्या. सर म्हणजे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक आणि बाईंचे यजमान. गेल्या वर्षी वारले. आवाज असा, की चार भिंतींत मावायचा नाही. वाचताना काही पटलं की खिडकीजवळून "वा!" म्हणून ओरडायचे आणि काउंटरवरून बाई "शू!" करायच्या. या दोघांचा संसार एवढ्या दोन शब्दांवर चालतो, असं मुलं म्हणायची. सर गेल्यापासून त्या खुर्चीत बसायला कुणी धजावत नव्हतं. पण आदर टिपायची सोय त्या टॅबमध्ये नव्हती.

"आणखी एक आठवडा बघते," बाईंचा चेहरा पाहून मुलगी म्हणाली. "तरी रिकामी राहिली, तर इथे चर्चेसाठी काचेची खोली करू."

बाई कंबर कसून कामाला लागल्या. पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीला त्यांनी खुर्चीत बसवलं. ती जेमतेम टेकली. "बाई, मागून सर एखादं हाड पुढे करून 'हे कुठलं?' विचारतील असं वाटतंय हो!" म्हणाली आणि पसार झाली. दुसरा विद्यार्थी धीट निघाला. पाय पसरून, मान मागे टाकून ऐसपैस बसला. नेमकी डिझायनर मुलगी फेरीला वळली आणि बाईच कडाडल्या, "ऊठ आधी! ही काय बसायची पद्धत झाली?" तो टुणकन उठला. टॅबवर खुर्ची पुन्हा रिकामी.

शेवटी शिपाईमामांनी तोड काढली. "बाई, समोरच्या इस्पितळात पेशंटची माणसं जिन्यावर बसून असतात. त्यांना काय ठाऊक, सर कोण होते ते?"

मामा एका आजोबांना घेऊन आले. आजींच्या मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. आजोबा खुर्चीत बसले. बाईंना ते बघवेना, म्हणून त्या पाठ फिरवून मासिकं लावू लागल्या. इथवर ठीक होतं. पण आजोबांना कमी ऐकू यायचं, आणि ज्याला कमी ऐकू येतं तो बोलतो मात्र गावाला ऐकू जाईल असं.

"काय गं पोरी, खुबा मोडला म्हणजे नक्की काय मोडलं?" त्यांनी शेजारच्या टेबलावर विचारलं.

पोरीनं कुजबुजत सांगितलं.

"आँ?"

तिनं जरा मोठ्यानं सांगितलं. मग एकानं चित्र काढलं, दुसऱ्यानं ते चूक ठरवलं, आणि तिसऱ्यानं काउंटरमागच्या, अभ्यासाच्या हाडांच्या पेटीतून मांडीचं हाडच आणलं. कोंडाळं जमलं.

"शू!" बाई म्हणाल्या.

"आँ?" आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जिन्यावरची आणखी माणसं आली. कुणाला मूतखडा समजून घ्यायचा होता, कुणाला कावीळ. मुलंही सांगायला मिळतंय म्हणून हटेनात. बाईंचा घसा "शू" करून बसला, पण खुर्ची भरलेली होती आणि त्या खूश होत्या.

आठवड्याअखेर मुलगी धावतच आली. "बाई, कमाल झाली! सगळ्यात जास्त गर्दी याच कोपऱ्यात!"

"म्हणजे खुर्ची राहणार ना?"

"खुर्चीत एकच माणूस बसतो हो. भोवती कितीजण उभे असतात बघा! काचेची खोली इथेच करायची. दार लावलं की आवाज बाहेर यायचा नाही. तुम्हालाही शांतता!"

करायला गेलं काय नि उलटे झाले पाय. बाई पुस्तकांच्या मागच्या रांगेत गेल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. तिथेही आवाज होऊ दिला नाही.

मामा मागोमाग आले. "बाई, खुर्ची घरी पोचवू?"

"नको. घरी त्यांची एक रिकामी आहेच. दुसरी कुठे ठेवू?" मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "आजोबा कुठे आहेत?"

"वॉर्डात, आजींपाशी. उभेच असतात."

"मग तिथे न्या."

यथावकाश काचेची खोली झाली. आत मुलं हाडं घेऊन भांडायची. हात हलायचे, तोंडं हलायची आणि बाहेर काही म्हणता काही ऐकू यायचं नाही. ग्रंथालयात इतकी शांतता कधीच नव्हती. बाईंना "शू" म्हणायलाही काही उरलं नव्हतं.

एके दिवशी आतला एक विद्यार्थी उत्तर सापडल्यागत ताडकन उठला. त्याच्या तोंडाचा मोठा आ झाला, "वा!" म्हणताना होतो तसा. बाई काउंटर सोडून निघाल्या. आता पोरांची कंबख्ती भरली, असं मामांना वाटलं.

बाईंनी दार सताड उघडलं. ते मिटू नये म्हणून कपाटातला सगळ्यात जाड ग्रंथ काढून, जन्मात कुणाला करू दिलं नसतं ते करत, जमिनीवर दाराला लावला.

"अहो बाई," मामा दबक्या आवाजात म्हणाले, "सगळा आवाज बाहेर येतोय."

"येऊ दे," बाई म्हणाल्या आणि काउंटरवर जाऊन बसल्या.